उन्हाळी, उष्णवात आणि दुचाकीवरील दूरचा प्रवास



पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने निघाले की पळस्पे फाटा मागे पडतो आणि थोड्याच वेळात कोन गाव लागते. माझे चिकित्सालय या गावात आहे. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे मुंबई-ठाण्याकडून घाटावर जाणारे बहुतेक मोटारसायकलस्वार आणि हौशी सायकलस्वार आमच्या दारावरूनच जातात. शनिवारी-रविवारी पहाटेपासून त्यांची रांग लागते आणि दुपारनंतर परतीची सुरू होते. चैत्र-वैशाखात त्यांतील काही जण चिकित्सालयाची पायरी चढतात. तक्रार बहुधा एकच असते : "डॉक्टर, उन्हाळी लागली आहे. काहीतरी थंड द्या."

उन्हाळी हा शब्द आपल्याकडे इतका घरगुती आहे की त्याची कोणाला भीती वाटत नाही. उन्हातून आल्यावर लघवी कमी होते, पिवळी होते, जळजळते; आजी धणे-जिऱ्याचे पाणी देते, वाळा घातलेले माठातले पाणी पाजते आणि दोन दिवसांत बरे वाटते. आपणही फार वेगळे करीत नाही. चंदनासवाची बाटली, चंद्रकला रसाच्या गोळ्या आणि "भरपूर पाणी प्या" हा सल्ला देऊन आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो. मीही अनेक वर्षे असाच वळत होतो. एका वैशाखात मी स्वतः रुग्ण झालो आणि त्या सवयीचा पुनर्विचार करणे भाग पडले. तो अनुभव आणि त्यातून निघालेले निष्कर्ष आपणांसमोर ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्वानुभव

चाळिशी ओलांडल्यावर वजन वाढू लागले म्हणून मी सायकल घेतली. हेमंत आणि शिशिरात शेडुंग, चौकपर्यंत जाऊन येत असे. उत्साह वाढला आणि मे महिन्यात चार मित्रांसह कोन ते पुणे असा बेत ठरला. पहाटे पाचला निघायचे होते. एकाची सायकल ऐनवेळी नादुरुस्त झाली आणि निघायला आठ वाजले. त्याच वेळी बेत रद्द करायला हवा होता. केला नाही. गुडघा थोडा दुखत होता, म्हणून निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळीही घेतली. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

खोपोलीला पोहोचेपर्यंत अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. बोरघाटाची चढण ऐन उन्हात सुरू झाली. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो तेव्हा श्वास तोंडाने चालला होता आणि हृदयाचे ठोके कानांत ऐकू येत होते. पाणी मात्र मी भरपूर पीत होतो, निव्वळ साधे पाणी. मित्रांनी मीठ-साखरेचे पाणी पुढे केले, तर ग्रीष्मात लवण वर्ज्य असते हे मी त्यांना ऐकवले! खंडाळ्याला डोके ठणकू लागले, अंगावर काटा आला, भर उन्हात थंडी वाजल्यासारखे झाले. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. तरीही पुढे गेलो. कामशेत, वडगाव, तळेगाव हा रस्ता तुलनेने सपाट; वारा लागत होता, घाम दिसेनासा झाला होता, म्हणून बरे वाटते आहे अशी समजूत करून घेतली.

पुण्याला पोहोचल्यावर लक्षात आले की सकाळपासून लघवीच झालेली नाही. संध्याकाळी झाली ती थोडी, दाहयुक्त आणि कोऱ्या चहाच्या रंगाची. उन्हाळी लागली, असे निदान करून मी धण्याचा हिम घेतला आणि पडून राहिलो. ज्याच्या घरी उतरलो होतो तो माझा बालमित्र आधुनिक वैद्यकाचा पदवीधर. त्याने रंग ऐकला, मांड्या दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "वैद्यराज, धणे सकाळी प्या. आता कपडे करा, रुग्णालयात जायचे आहे." रक्तातील सीपीके नेहमीच्या मर्यादेच्या कितीतरी पट वाढले होते. स्नायूंचे तंतू अतिश्रम आणि उष्णतेने विघटित होऊन त्यांतील रंगद्रव्य वृक्कांतून बाहेर पडत होते. दोन दिवस शिरेतून द्रव दिल्यावर लघवी स्वच्छ झाली. वृक्क वाचले. आणखी एक रात्र धण्याच्या पाण्यावर काढली असती तर काय झाले असते, याचा विचार मी आजही टाळतो.

सुश्रुतोक्त उष्णवात

रुग्णशय्येवर पडल्या पडल्या सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अठ्ठावन्नावा अध्याय, मूत्राघातप्रतिषेध, आठवला. त्यात उष्णवाताचे वर्णन आहे. आपण सर्वांनी ते परीक्षेसाठी पाठ केलेले असते. हेतू तीन सांगितले आहेत : व्यायाम, अध्व म्हणजे दूरचा प्रवास आणि आतप म्हणजे ऊन. या हेतूंनी कुपित झालेले पित्त वाताने आवृत होऊन बस्तीत येते, बस्ती, मेढ्र व गुद या ठिकाणी दाह करते आणि मूत्र हळदीसारखे पिवळे, रक्तमिश्रित किंवा केवळ रक्तासारखे, कष्टाने बाहेर पडते.

वैशाखातील सायकलस्वाराच्या बाबतीत हे तिन्ही हेतू एकाच वेळी उपस्थित असतात. स्नायुविघटनाची आजची संकल्पना सुश्रुताचार्यांना ठाऊक होती, असा दावा करणे मला मान्य नाही. अशा दाव्यांनी आपल्या शास्त्राचे हसेच होते. पण एक गोष्ट निश्चित आहे. हळदीच्या रंगापासून रक्ताच्या रंगापर्यंतची चढती पायरी ग्रंथात स्पष्ट आहे. पिवळी लघवी आणि लाल-काळी लघवी यांना आपण मात्र उन्हाळी या एकाच शब्दात कोंबले. ग्रंथ सूक्ष्म होता. स्थूल झालो ते आपण.

आनूप आणि जांगल

कोनहून पुण्याला जाणारा स्वार काही तासांत आनूप देशातून जांगलप्राय देशात शिरतो. या बदलाचा घामाशी निकटचा संबंध आहे. घाम अंगावरून सुकतो तेव्हाच तो शरीर थंड करतो. एक लिटर घाम पूर्णपणे सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. ठिबकून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच जात नाही. कोकणातील दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. जलक्षय होतो आणि उष्णताही आतच राहते.

घाट चढताना सायकलचा वेग घटतो, म्हणून वारा लागत नाही. आणि श्रम मात्र त्याच वेळी सर्वाधिक असतात. पेडल मारण्यासाठी शरीर जी ऊर्जा खर्चते तिचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्साच गतीत रूपांतरित होतो. उरलेली सारी उष्णता बनते. घाटावर पोहोचल्यानंतर कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो. अंग कोरडे भासते आणि घाम येत नाही असा भ्रम होतो, परंतु क्षय चालूच असतो. माझी फसगत तेथेच झाली.

मोटारसायकलस्वाराला वाटते की आपण श्रम करीत नाही आणि वाराही लागतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून उष्ण झाली की वारा उष्णता काढून नेत नाही, उलट आणून देतो; दिलासा उरतो तो केवळ सुकणाऱ्या घामाचा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना मोकळ्या बाह्यांनी गाडी चालवणे म्हणजे भट्टीच्या झोतासमोर बसणे होय. अशा वेळी सैल सुती पूर्ण बाह्यांचा आणि भिजवलेला सदरा हा उत्तम उपाय आहे. जलक्षयाने अवधान कमी होते आणि रस्त्यावर त्याची किंमत फार मोठी असते, हेही स्वारास सांगावे.

लवणाचा प्रश्न

आता ज्या मुद्द्यावर मी स्वतः चुकलो त्याकडे वळतो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील ऋतुचर्याध्यायात ग्रीष्मात लवण, कटू आणि अम्ल रस, व्यायाम आणि सूर्यकिरण ही सर्व एकत्रच वर्ज्य सांगितली आहेत. हा एक संपूर्ण आचार आहे. जो मनुष्य शीतगृहात राहतो, मधुर-शीत-द्रव आहार घेतो, दुपारी विश्रांती घेतो, त्याच्यासाठी लवणनिषेध सार्थ आहे. ज्याने व्यायाम आणि आतप यांचा निषेध उघडपणे मोडला, त्याला त्याच वचनातील लवणनिषेधाचा आधार घेण्याचा अधिकार उरत नाही. घामातून तासाला अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, सलवण द्रव निघून जातो. त्याच्या जागी केवळ साधे पाणी अतिप्रमाणात भरले तर रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण, झटके अशी लक्षणे दिसतात आणि उष्माघाताशी घोटाळा होतो. अशा रुग्णास आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

म्हणून दीर्घ श्रम करणाऱ्यास सैंधवयुक्त कैरीचे पन्हे, मीठ घातलेले पातळ ताक किंवा ओआरएस द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रचलित सूत्रात एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ते विरघळवावे. अर्ध्या पाण्यात करू नये. आहार म्हणून सातूचे पीठ, साखर आणि थंड पाणी यांचा मंथ ग्रंथोक्तही आहे आणि सायकलस्वाराला सोसणाराही आहे.

औषधे : देताना आणि विकताना

हा भाग फार्मसीधारक बंधूंनी विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे.

१. वेदनाशामके : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या जलक्षयाच्या अवस्थेत वृक्कांचा रक्तपुरवठा कमी करतात. सायकलच्या पोशाखात आलेला ग्राहक "अंग दुखते, गोळी द्या" म्हणाला, तर प्रथम लघवीची विचारणा करावी.

२. कनकासव : यात धत्तूर आहे. धत्तुरातील अल्कलॉइडे घाम रोखतात. धत्तूर हा औषधनियमांच्या 'ई-१' या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहे, हे आपण जाणतोच. तमकश्वासासाठी हे आसव चालू असलेल्या रुग्णास उन्हातील श्रमापासून निक्षून परावृत्त करावे.

३. चंदनासव, उशीरासव : द्रव्ये शीत असली तरी कल्पना आसवाची आहे आणि तीत स्वयंजनित मद्यांश असतो. ग्रीष्मात मद्य वर्ज्य, आणि घ्यावेच लागले तर अत्यल्प व पुष्कळ पाणी घालून, असा ग्रंथाचा अभिप्राय आहे. स्वारीपूर्वी वा स्वारीत 'थंडावा' म्हणून आसव पिणे चूक आहे. त्याऐवजी षडंगोदक किंवा धान्यक हिम द्यावा.

४. मूत्रल द्रव्ये : गोक्षुर, पुनर्नवा इत्यादी देण्यापूर्वी द्रवाची पूर्ती झाली आहे ना, हे पाहावे. शरीरात पाणीच नसताना मूत्रल देणे युक्त नव्हे. रक्तदाबासाठी आधुनिक मूत्रल गोळ्या चालू असतील तर तेही विचारावे.

५. शहाळे : कोकणात उन्हाळीवर पहिला उपाय शहाळ्याचा. साध्या उन्हाळीत तो उत्तमच आहे. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असते. स्नायुविघटनात आणि वृक्कदौर्बल्यात रक्तातील पोटॅशियम आधीच वाढलेले असू शकते आणि त्याने हृदयाची गती बिघडते. लघवी काळपट व अल्प असेल तर तपासणी होईपर्यंत शहाळे थांबवावे.

उष्माघात : येथे विलंब नको

उन्हाळीच्या रुग्णाला प्रश्न विचारायला वेळ असतो. उष्माघाताच्या रुग्णाला नसतो. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्याच पनवेल तालुक्यात, खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उन्हाच्या तडाख्याने १४ जणांचा मृत्यू झाला. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भाच्या मानाने हा आकडा मोठा नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो पुरेसा ठरला.

श्रमजन्य उष्माघाताचे एक वैशिष्ट्य सर्वांनी ध्यानात ठेवावे. शरीराचे आंतरिक तापमान ४० अंशांच्या वर असूनही अंग घामाने ओले असू शकते. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, हे अनुमान चुकीचे आहे. निर्णायक लक्षण भानाचे आहे : असंबद्ध बोलणे, चिडखोरपणा, झोकांड्या जाणे, झटके, बेशुद्धी. अशा रुग्णास सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, मिळेल त्या थंड पाण्याने संपूर्ण शरीर सतत भिजवावे आणि वारा घालावा; शक्य असेल तर गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवावे आणि डोके धरून ठेवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत थंड करणे थांबवू नये. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवले तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. भान हरपलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, भस्म, पिष्टी काहीही घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण हा ज्वर नव्हे.

थकव्याची जाणीव दडपणारी द्रव्ये या प्रसंगी जीवघेणी ठरतात. १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू माँ व्हाँतू पर्वताच्या उन्हात चढताना कोसळून मृत्यू पावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य आढळले. शरीर थांब म्हणत असताना ते ऐकू येऊ न देणारे औषध, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, स्वाराला देऊ नये.

चिकित्सालयातील चार प्रश्न

त्या अनुभवानंतर दुचाकीवरून आलेल्या प्रत्येक 'उन्हाळी'च्या रुग्णास मी चार प्रश्न विचारतो.

पहिला : शेवटची लघवी केव्हा झाली आणि रंग कोणता? लिंबाच्या सरबतासारखा असेल तर निश्चिंत. हळदीसारखा असेल तर द्रव द्यावा आणि तेथेच बसवून पुन्हा पाहावे. चहासारखा वा लाल असेल तर विनाविलंब रुग्णालय.

दुसरा : स्नायू कसे आहेत? दाबल्यावर तीव्र वेदना, सूज, पाय उचलता न येणे ही लक्षणे साध्या श्रमाची नव्हेत. मूत्रपरीक्षेत पट्टीवर रक्त दिसते पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी सापडत नाहीत, असे झाले तर स्नायुविघटनाचा संशय बळावतो. सीपीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे.

तिसरा : काय प्यालात, किती प्यालात आणि कोणती औषधे घेतलीत?

चौथा : थंडी वाजून ताप किंवा कुशीतून जांघेकडे जाणारी कळ आहे का? असल्यास मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अश्मरी यांचा विचार करावा. उन्हाला उगाच दोष देऊ नये.

चारही उत्तरे समाधानकारक असतील तर सावली, विश्रांती, सैंधवयुक्त पेय, षडंगोदक, चंदन-उशीर आणि मौक्तिकयुक्त कामदुधा एवढ्याने काम भागते. काही तासांत लघवी स्वच्छ व पुरेशी झाली नाही, तर निदान पुन्हा तपासावे.

स्वाराला काय सांगावे?

"उन्हाळ्यात जाऊच नका" हा शास्त्राचा खरा सल्ला आहे आणि तो प्रथम द्यावाच. आदानकालात बल क्षीण असते. तरीही जाणारे जातात. त्यांना पुढील गोष्टी सांगाव्यात.

सुश्रुतांनी चिकित्सास्थानात अर्धबलाचे लक्षण सांगितले आहे : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे. तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धे बल संपले. ग्रीष्मात त्याच्याही अलीकडे थांबावे. शिंग्रोबापाशी मला हे लक्षण स्पष्ट दिसले होते. मी ते मानले नाही.

ऋतुसंधी चौदा दिवसांचा सांगितला आहे. जुना आचार हळूहळू सोडायचा आणि नवा हळूहळू धरायचा. आधुनिक व्यायामशास्त्रही शरीर उष्णतेला सरावण्यास दहा ते चौदा दिवस देते. थंडीत केलेल्या सरावाच्या भरवशावर मे महिन्यात एकदम लांबचा पल्ला गाठू नये.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करावे. दोन टक्क्यांहून अधिक घट म्हणजे पेय अपुरे पडले. वजन वाढले असेल तर पाणी अति झाले. पहाटे निघावे, अकरा ते चार सावलीत विसावा घ्यावा. ग्रीष्मात दिवास्वापाला शास्त्राची अनुमती आहेच. उलटी, जुलाब, ताप किंवा नुकतेच झालेले वमन-विरेचन असेल तर त्या आठवड्यात सायकल घरीच ठेवावी.

पूर्वतयारीने उष्णतेतही दूरचे पल्ले गाठता येतात, हे आपल्याच मातीतील डॉक्टरांनी दाखवले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. त्या मार्गात वाळवंटही येते. त्यामागे दीर्घ सराव असतो आणि सोबत साहाय्यकांचे पथक असते. माझ्यासारख्या रविवारच्या स्वाराने त्यांच्याकडून घ्यायची ती तयारी. नुसती जिद्द नव्हे.

जाणत असून न करणे यालाच आचार्यांनी प्रज्ञापराध म्हटले आहे. ऋतुचर्या मी रुग्णांना वीस वर्षे सांगत होतो आणि घाटात स्वतःच मोडली. आपणांपैकी कोणाच्या दारात उद्या चहाच्या रंगाची लघवी घेऊन एखादा तरुण आला आणि त्याला धण्याच्या पाण्याऐवजी वेळेवर रुग्णालय मिळाले, तर माझा तो प्रवास वाया गेला नाही असे समजेन.

इत्यलम्।